धैर्याची दाढ

‘वेदना ही अफवा आहे. शहाणा ती ऐकतो. मानत नाही.’

इंग्रजी गद्याच्या अंगावरची चरबी झडवणारी ही तीन वाक्यं अँब्रोझ थर्केलने लिहिली, सेंट पॉल चर्चच्या आवारातल्या पुस्तकवाल्यांनी ती विकली, आणि पुढच्याच महिन्यात त्याची खालची डावी दाढ ठणकू लागली.

थर्केल माझा शेजारी. निबंध हा प्रकार तेव्हा लंडनमध्ये नवाच होता. तो नेमका काय असतो हे कुणालाच ठाऊक नसल्यामुळे लिहिणाऱ्याला मान होता. लांब वाक्य म्हणजे पोट सुटलेला माणूस, असं थर्केल म्हणे. त्याची बायको डोरकस मात्र एका वाक्यात सगळी गल्ली फिरून येई.

लॉर्ड हॅलिंगडनना चिटणीस हवा होता. थर्केलने पुस्तक त्यांनाच अर्पण केलं होतं. दोन हिवाळे उकडलेल्या वाटाण्यांवर काढल्यावर त्या घराला ही जागा हवीच होती. हुजुरांच्या कानावर दाढदुखी गेली आणि ते हरखले.

“झकास! ती उपटताना आम्ही बघायला येतो. ओरडला नाहीस तर जागा तुझी. ओरडलास तर प्रत्येक प्रतीतून आमचं नाव तू स्वतः खरडून काढायचंस.”

दाढ निघायची होती स्नेड न्हाव्याकडे. त्याच्या दुकानाच्या दारावर उपटलेल्या दातांची माळ लोंबत असे आणि भिंतीवर गिऱ्हाइकांच्या विरंगुळ्यासाठी सतारीच्या जातीची एक ल्यूट टांगलेली असे. हुजुरांनी ती काढून मांडीवर घेतली. आम्ही शेजारी दाराशी दाटलो. डोरकसने नवऱ्याचाच निबंध मोठ्याने वाचायचा, असा हुकूम झाला.

“धैर्याला जीभ नसते,” डोरकसने सुरुवात केली.

स्नेडच्या दुकानात लॉर्ड पहिल्यांदाच येत होता. न्हाव्याची नजर थर्केलच्या तोंडापेक्षा हुजुरांच्या बुटांवर जास्त. चिमटा आत गेला आणि बसला तो उजवीकडच्या दाढेवर. थर्केलचे डोळे विस्फारले. पण तोंडून ‘अं’ निघाला तरी तो ओरडाच ठरला असता.

“अहो स्नेड, ती नव्हे, ती तर—”

“बाई,” हुजूर म्हणाले, “पुस्तकात आहे तेवढंच वाचा.”

डोरकसने नवऱ्याकडे पाहिलं. मग पानाकडे. “शरीर हे भाड्याचं घर. दार मोडलं? मालक बघेल.”

स्नेडने गुडघा थर्केलच्या छातीवर रोवून दाढ ओढली. मूळ मध्येच तुटलं. उरलेलं तो खणून काढू लागला. हुजुरांनी एक नाचाची धून छेडली आणि ताल चुकला म्हणून पुन्हा पहिल्यापासून घेतली. थर्केलची नखं खुर्चीच्या लाकडात रुतली. आवाज मात्र नाही.

“बहाद्दर!” हुजूर ओरडले. आम्हीही टाळ्या पिटल्या. थंडीत उभं राहिल्याचं सार्थक झालं.

स्नेडने दाढेचा तुकडा उजेडात धरला. पांढराशुभ्र, एक डाग नाही.

“अरे, ही तर आमच्यापेक्षा चांगली,” हुजूर म्हणाले.

“तेच सांगत होते मी हुजूर, दुखरी डावीकडे, ही बिचारी उजवीकडची, कालच हिने पावाची कड फोडली, आता यांनी चावायचं कशाने आणि—”

“म्हणजे दुखरी अजून आहेच?” हुजुरांचा चेहरा उजळला. “उत्तम! मघाशी आमचं अर्धं लक्ष वाजवण्यात होतं. स्नेड, तीही काढ. जागेचं त्यानंतर पक्कं करू.”

स्नेडने चिमटा पुसला. थर्केलने तोंडातलं रक्त पेल्यात थुंकलं, हात वर केला आणि आयुष्यात पहिल्यांदा लांब वाक्य बोलला.

“हुजूर, आपण आणि ही सगळी मंडळी जरा त्या कोपऱ्यावरच्या दारूच्या गुत्त्यापर्यंत जाऊन याल का, म्हणजे तेवढ्यात मी एकदाचा ओरडून घेतो आणि मग आपण परत आलात की गप्प बसतो?”