माळ्याची चौथी मेढ

मित्रांनो, मी एक जुना माळा आहे. ज्वारी राखायला शेतात चार मेढींवर, म्हणजे लाकडी खांबांवर, मचाण उभारतात ना, तो. दक्षिण सोलापूरच्या काळ्या रानात शेतकरी गुरुबसप्पांनी मला बाभळीच्या लाकडातून घडवलं. कणसं दुधात आली की ते गोफण घेऊन माझ्यावर बसत. दिवसभर पाखरं हाकत, पण बांधाकडेची एक ओळ मुद्दाम पाखरांना सोडत. लोक हसायचे.

"हसू द्या की! माज्या मनाला पटतंय, तेवढं बास हाय," ते म्हणायचे. अशा माणसाला मी खांद्यावर घेतलं, याचा मला आजही अभिमान वाटतो.

ते गेले आणि गावभर ऊस आला. उसाला राखण लागत नाही. माझी एक मेढ कुजली, अंगावर वेल चढले, कुणी ढुंकूनही पाहीना.

फक्त त्यांची नात सिद्धेश्वरी यायची. सोलापूरच्या कॉलेजात ती तत्त्वज्ञान शिकते. सुट्टीत माझ्यावर बसून मोठ्याने वाचायची. सातासमुद्रापार, पावणेदोनशे वर्षांपूर्वी काही विचारवंत सांगून गेले म्हणे: निसर्गात एकट्याने बसा, थोडक्यात भागवा, जगापेक्षा आपल्या अंतःकरणाचं ऐका. 'अतींद्रियवाद' असं त्याचं भारदस्त नाव. मला हसूच आलं. अहो, हे तर आमचे गुरुबसप्पा!

यंदा तिचे वडील सोमशेखर कुऱ्हाड घेऊन आले. उरलेल्या एकरातही ऊस लावायचा, म्हणून मला तोडायचं होतं. सिद्धेश्वरी सरसर वर चढून बसली.

"उतर खाली! आख्खं गाव ऊस लावतंय, आपुनच येडं व्हायचं काय?"

"अप्पा, गावाचं ऱ्हाऊ द्या. तुमच्या मनाला इचारलंय का कदी? हितं घटकाभर बसा, मग तोडा. मी आडवी येनार न्हाय."

तिला उतरवायला ते वर आले, पण वर आल्यावर तिच्याशेजारी बसले. खिशातला फोन वाजला, तो त्यांनी बंद केला. चहूकडे ऊसच ऊस, मधे हा एवढाच उघडा तुकडा, आणि तिथे चिमण्या गवताचे दाणे टिपत होत्या. मी जीव मुठीत धरून उभा होतो.

"ल्हानपनी हितंच बसायचो," ते हळूच म्हणाले. "तवा कुनाकडं बगून कायबी करत नव्हतो... शाळूची जवारीच पेरू, पोरी. पाखरांची ओळ बी सोडू."

खाली उतरून त्यांनी कुऱ्हाड उचलली आणि बांधावरच्या बाभळीची एक फांदी तोडली. मला पाडायला आणलेल्या कुऱ्हाडीने माझी चौथी मेढ घडली!

मित्रांनो, आज माझ्याभोवती शाळू डोलतो आहे आणि मी ताठ उभा आहे. तुमच्याकडे माळा नसेल, गच्ची असेल, एखादं झाड असेल. मोबाइल ठेवून तिथे एकटे बसत जा. आणि अशी जागा जुनी झाली, तर कुऱ्हाड उचलण्याआधी एकदा तिच्यावर बसून बघा.