नववी रांग, सतरा नंबर

खांबेराव हे काही त्यांचे खरे नाव नव्हे. पश्चिम स्टँडचे चौदा खांब उभे राहिले त्या वर्षी ते त्यांना चिकटले आणि मग पगारपत्रक सोडून सगळीकडे तेच चालू झाले. सासरेबुवा तर लेकीला भेटले की आधी विचारायचे, "आमचे खांब काय म्हणतात?" खांबेराव हसायचे. दुसरे काय करणार?

त्यांची मुलगी त्याच स्टेडियममध्ये पाहुण्यांना हिंडवून सगळे दाखवायचे काम करी. दलदल बुजवून मैदान कसे झाले, खेळाडूंचा बोगदा इतका ठेंगणा का की उंच गोलकीपरला वाकूनच बाहेर यावे लागते, उत्तरेकडचे घड्याळ मुद्दाम चार मिनिटे पुढे का ठेवतात, हे ती रंगवून सांगे. पश्चिम स्टँडपाशी आली की मात्र तिचा आवाज उतरे. छापील माहितीपत्रकात तिथे एक ओळ होती आणि ती म्हणावीच लागे: 'नकाशाची नक्कल करणाऱ्या ड्राफ्ट्समनच्या चुकीमुळे हे खांब प्रेक्षकांच्या मध्ये आले.' पाहुणे हसत. त्यांच्या पाठीमागे तिकिटांची खिडकी होती आणि त्या खिडकीत तो ड्राफ्ट्समन बसलेला असे.

चूक त्यांची नव्हती. मूळ नकाशात खांब सगळ्या रांगांच्या मागे होते. पण छताचे गर्डर तीन मीटर आखूड आले. तेव्हा मोठे साहेब, म्हणजे मुख्य इंजिनियर, नकलेच्या ट्रेसिंग कागदावर वाकले, हिरव्या पेन्सिलीने खांब पुढे सातव्या रांगेत आणून ठेवले आणि म्हणाले, "एवढं शाईत घे. लेखी हुकूम उद्या देतो." खांबेरावांनी जुनी शाई ब्लेडने खरवडली, नवे खांब काढले आणि नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे पेन्सिलीच्या सगळ्या खुणा रबराने पुसून टाकल्या. कागद आरशासारखा स्वच्छ करून द्यायचा याची त्यांना भारी हौस. लेखी हुकूम काही आला नाही. पहिल्याच सामन्यात दोनशे बारा माणसांना खांबापलीकडचे काही दिसेना. चौकशी बसली. मोठे साहेब शांतपणे म्हणाले, "ट्रेसिंग करताना चूक झाली असेल."

पुरावा खांबेरावांनी आपल्याच हाताने पुसला होता.

नोकरी गेली. नकाशांच्या कुठल्याच कचेरीत मग त्यांना कोणी उभे केले नाही. शेवटी जागा मिळाली ती याच स्टेडियमच्या तिकीट खिडकीत. त्या दोनशे बारा खुर्च्या त्यांना तोंडपाठ झाल्या. गिऱ्हाइकाला सांगितल्याशिवाय त्यांतली एकही त्यांनी कधी दिली नाही. "खांब येतो मध्ये, चालेल?" असे प्रत्येक सामन्याला पन्नासदा विचारायचे आणि प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणायचे, "कुठल्या गाढवानं बांधला हो हा?" खांबेराव मान खाली घालून तिकीट फाडायचे.

एक गोष्ट मात्र त्यांनी मुलीलाही सांगितली नव्हती. इतकी वर्षे तेच ते ऐकून त्यांची त्यांनाच शंका येऊ लागली होती. हिरवी पेन्सिल खरेच होती, की आपलाच हात घसरला? साहेबांनी नोकरी नेली ती नेलीच, पण आठवणसुद्धा पोखरून ठेवली. या एका गोष्टीचे उट्टे काढल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, असे खांबेरावांनी मनाशी ठरवले होते.

स्टेडियमला चाळीस वर्षे झाली आणि सोहळ्याच्या सामन्याला मोठे साहेब प्रमुख पाहुणे म्हणून येणार असे ठरले. बैठकीचा तक्ता खांबेरावांनी स्वतः भरला. मुलगी खांद्यावरून वाचत होती.

"बाबा, नववी रांग, सतरा नंबर? ही तर खांबामागची!"

"हो का?"

"बाबा!"

"ट्रेसिंग करताना चूक झाली असेल."

मुलीने त्यांच्याकडे नीट पाहिले. मग तक्ता उचलला आणि स्वतःच स्टेडियमच्या सेक्रेटरींच्या टेबलावर नेऊन ठेवला.

सामन्याआधी साहेबांनी भाषण ठोकले. ऐंशी ओलांडली तरी आवाज खणखणीत. "या वास्तूतली एकही रेघ माझ्या हाताखालून गेल्याशिवाय कागदावर आलेली नाही!" टाळ्या पडल्या. मग सेक्रेटरींनी त्यांना हाताला धरून जागेवर नेले. शेजारच्या खुर्चीतून सेक्रेटरींना मैदान लख्ख दिसत होते. सतरा नंबरवरून दिसत होता तो करड्या रंगाचा, हाताच्या कवेत न मावणारा खांब.

साहेबांची मान डावीकडून निघाली. मग उजवीकडून निघाली. अर्ध्या तासात ते पाणी काढायच्या रहाटासारखे हलू लागले. पायऱ्यांवर उभे राहून खांबेराव सामना नव्हे, ती मान बघत होते. शेवटी साहेबांनी त्यांना बोटाने खुणावले.

"ही जागा मला कोणी दिली?"

"मी, साहेब."

"डोकं ठिकाणावर आहे का? समोर खांब आहे!"

"चाळीस वर्षं आहे. रेघ तुमच्याच हाताखालून गेलेली."

साहेबांनी चष्मा वर केला. "तू... तो ट्रेसिंगवाला पोरगा?"

"पोरगा आता आजोबा झालाय. साहेब, चौदाव्या रांगेत एक जागा राखून ठेवलीय. हे बघा तिकीट. त्याआधी फक्त एवढं सांगा, खांब पुढे कोणी आणले?"

"आता हे कशाला उकरतोस? गर्डर आखूड होते. तुला माहीत नाही का?"

खांबेराव साहेबांजवळ वाकले. म्हणजे आठवण खरी होती. सगळे तसेच होते. पण आता एवढ्यावर भागणार नव्हते.

"कोणी आणले?"

तेवढ्यात मैदानावर गोलच्या तोंडाशी आपला एक खेळाडू आडवा पडला आणि चाळीस हजार माणसे ओरडत उभी राहिली. साहेबांचे ओठ हलले.

"ऐकू आलं नाही, साहेब. गोंगाट फार आहे. जोरात बोला."

पायऱ्यांवरून खांबेरावांना सगळे दिसत होते. पंचाने पेनल्टीची खूण केली होती. खेळाडू चेंडू ठिपक्यावर ठेवायला निघाला होता. आता काय होणार ते स्टेडियममधल्या प्रत्येकाला ठाऊक होते. साहेबांना मात्र फक्त खांब दिसत होता. त्यांनी छाती भरून श्वास घेतला. चेंडू ठिपक्यावर टेकला आणि चाळीस हजार माणसे एकदम चिडीचूप झाली.

"मी आणले खांब! माझ्या हिरव्या पेन्सिलीनं! तू नुसती शाई फिरवलीस! झालं समाधान?"

आवाज समोरच्या स्टँडवर आपटून परत आला. चेंडूकडे धावणाऱ्या खेळाडूचे पाऊल अडखळले. चेंडू बारवरून प्रेक्षकांत गेला.

पुढच्या तीन रांगा वळल्या. "कोण बोंबललं ते?" "हाच तो म्हातारा!" "खांबही यानंच घातले म्हणे!" "म्हणजे इतकी वर्षं..." कोणीतरी खांबेरावांकडे बोट दाखवले. सेक्रेटरी मोठ्या साहेबांकडे बघत राहिले. पायरीवर माहितीपत्रके वाटत उभ्या असलेल्या मुलीने वरचे पत्रक उघडले, ड्राफ्ट्समनच्या चुकीची ओळ पेनने खोडली आणि ते सेक्रेटरींच्या हातात दिले. त्यांनी वाचले, मान हलवली आणि घडी करून खिशात टाकले.

मागून कोणीतरी रिकामी बाटली भिरकावली. साहेब घाईने उठले आणि त्यांनी हात पुढे केला. "दे ते तिकीट."

खांबेरावांनी दिले. साहेब कठडा धरून एकेक पायरी चढत चौदाव्या रांगेत पोचले, जागेवर बसले. मान डावीकडून निघाली. मग उजवीकडून निघाली.

सांगितल्याशिवाय खांबेरावांनी खांबामागची दोनच तिकिटे आजवर कोणाला दिली, आणि ती दोन्ही एकाच माणसाला.