मागच्या अंगणातली टाकी

भोजराज गुरुजींच्या चरित्राच्या प्रकाशनाचा कार्यक्रम बालाघाटच्या एका पुस्तकाच्या दुकानात ठेवला होता. गुरुजींना जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांची मुलगी संघमित्रा लामत्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. ती सकाळच्या गाडीनं आली. लेखक लोकेश नागपूरचा. दोन वर्षं त्यानं फोनवरच तिच्याकडून माहिती घेतली होती, भेट आज पहिल्यांदा झाली.

गुरुजींनी तरुणपणी आपल्या गावातले टोपलीचे संडास बंद पाडले होते. तिथं बायका पहाटे डोक्यावरून मैला वाहायच्या. गुरुजी घरोघर जाऊन सांगायचे, खड्डा खणा, मीही खणू लागतो. जे ऐकत नसत त्यांच्या दारात बसून राहायचे. दोनदा मार खाल्ला, एकदा हात मोडला. अखेर सगळ्या टोपल्या नदीकाठी जाळल्या, तेव्हा त्या बायका दुपारभर पाण्यात बसून अंग घासत होत्या, असं संघमित्राची आई सांगायची.

लोकेशनं हे लिहिलं बरं होतं. पण बोलताना तो टोपलीतून गळणाऱ्या मैल्याचं वर्णन अगदी चवीनं करू लागला. केसांतून कसा ओघळायचा, मानेवर कसा वाळायचा. समोरची माणसं खुर्चीत पुढं सरकून ऐकत होती.

तेवढ्यात खरीच घाण येऊ लागली. दुकानाचा संडास तुंबून पाणी मागच्या पडवीत आलं होतं. मालक राजेंद्रनं मागचं दार लोटलं, दोन उदबत्त्या लावल्या. लोकांनी नाकाला रुमाल लावले. लोकेशनं आवाज चढवला आणि सांगितलं, की गुरुजींसारख्यांमुळे ती प्रथा आज फक्त पुस्तकात उरली आहे.

मागून लोखंडी झाकण ओढल्याचा आवाज आला. संघमित्रा उठून मागच्या अंगणात गेली.

पन्नाशीचा एक माणूस चड्डीवर संडासाच्या टाकीच्या काठाशी बसला होता, एक पाय आत सोडून. हातात बादली होती. राजेंद्र दूर उभा राहून त्याला, पुनाराम, लवकर आटप, म्हणत होता.

"पुनारामभाऊ, वर या," ती म्हणाली.

"दहा मिनटाचं काम हाय, बाई. मंग थे लोक जेवाले बसतीन."

राजेंद्रनं समजावलं, की मैला उपसणारा टँकर बोलावला तर उशीर होईल, पाहुणे बसलेत, आणि पुनाराम काही पहिल्यांदा उतरत नाही.

"ह्याच कामापायी माह्या बाबाचा हात मोडला, राजेंद्रभाऊ. अन् तुम्ही त्यायचंच पुस्तक विकून राह्यले."

पुनारामनं पाय बाहेर काढला. संघमित्रानं आत जाऊन, मागं काय चाललं होतं ते सगळ्यांना सांगितलं. लोकेश हळूच म्हणाला, "कार्यक्रम संपल्यावर बोलू ना, ताई. लोक दुरून आलेत." कुणी खाली पाहिलं. एका गृहस्थानं, जेवण आता दुसरीकडे आहे का, असं विचारलं.

बाबांच्या शेवटच्या आजारात तिनं पाच महिने त्यांचं सगळं हातानं काढलं होतं. घाणीची शिसारी तिला कधी आली नाही. आता मात्र त्या घडीच्या, स्वच्छ रुमालांकडे बघून तिला उमळून आलं. ती मागं गेली, नळावर तोंड धुतलं, आणि झाकण लावून टाकीजवळच उभी राहिली. टँकरला फोन तिनंच केला.

टँकर यायला अडीच तास लागले. तोवर लोक पुढच्या दारानं निघून गेले होते. लोकेश सही केलेली प्रत घेऊन अंगणात आला. तिनं ती घेतली नाही.

"पुस्तकात काही चुकलं का?" त्यानं विचारलं.

"पुस्तकात नाही."

तो घुटमळला आणि गेला. टँकरचा जाड पाइप टाकीत सोडला, मोटर धडधडू लागली. पुनाराम भिंतीला टेकून बघत होता. त्यानं कपडे घातले होते.

"आता हा दुकानवाला मले कामाले बोलावणार नाही, बाई," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता.

टाकी रिकामी होईपर्यंत दोघंही तिथंच उभी राहिली.