शेवटून लिहिलेली भिंत

मी रस्त्यावरच्या भिंतींवर वाक्यं रंगवते, तीही शेवटच्या शब्दापासून. सरळ लिहायला घेतलं की पहिल्याच शब्दाला कुणीतरी आडवं येतं.

ताईच्या घरासमोरच्या भिंतीवर ‘कुणीही पडलं नव्हतं’ एवढं झालं आणि भावोजी शिडीखाली आले.

“मेव्हणीबाई, कोण पडलं नव्हतं म्हणे?” हसत त्यांनी शिडी धरली, मदत केल्यासारखी.

माझं डोकं आधीच सणकलं होतं. ताईचा हात प्लास्टरमध्ये होता आणि ती जिन्यावरून पडली, असं हा माणूस डॉक्टरांना, शेजाऱ्यांना, आमच्या आईलासुद्धा सांगत सुटला होता.

मी डावीकडे सरकून ‘जि’ काढला. त्यांचं हसू मावळलं. ‘न्या’ पुरा झाला तशी शिडी हलली.

“उतर खाली,” ते दातओठ खात म्हणाले, “नाहीतर तूही पडशील.”

ब्रश माझ्या हातातून निसटला. मी शिडीला बिलगले. येणारेजाणारे नुसते बघत उभे राहिले.

तेवढ्यात समोरची खिडकी उघडली. ताई बाहेर वाकली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी वाचू लागली, “जिन्यावरून कुणीही पडलं नव्हतं!”

भिंतीवर पहिल्या शब्दाची अजून दोनच अक्षरं होती.