लखीझोऱ्याचा दवाखाना

परवा ॲन आर्बरहून सुमेधा नावाची पोरगी इथं अमेरिकेत आमच्या पार्सिपनीच्या घरी आली. मूळची आपल्या नागपूरची, तिकडं युनिव्हर्सिटीत शिकते. आसामातल्या लखीझोरा गावाचा आणि भोवतालच्या चहामळ्यांचा इतिहास लिहितेय. मी तिथंच वाढले, हे तिला माझ्या मावसबहिणीकडून कळलं. दहा तास बर्फातून ड्राइव्ह करत आली बिचारी.

माझ्या मुलाचं, सुभाषचं, तोंड लगेच वाकडं झालं. इथं सगळ्यांना त्यानं सांगून ठेवलंय, बाबा टी इस्टेटचे मॅनेजर होते म्हणून. मॅनेजर! अरे, तुझा बाप पानांच्या टोपल्या ट्रकवर चढवायचा आणि मी पानं खुडायची. दोन पानं न् एक कोंब, बोटं काळी होईस्तोवर.

सुमेधानं एक जाडजूड पुस्तक काढलं, साहेबलोकांच्या क्लबनं छापलेलं. त्यातलं वाचून दाखवलं: लखीझोऱ्याचा दवाखाना मोठ्या साहेबानं दयाबुद्धीनं बांधून दिला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दया? डोंबलाची दया! लाव गं तुझं ते रेकॉर्डिंगचं मशीन."

मग सांगितलं सगळं. माझ्या शेजारच्या खोलीत फुलमती राहायची. नववा लागला तरी खुडायला यायची, कारण खाडा झाला की शिधा तुटायचा. चहाच्या झुडपांतच तिला कळा सुरू झाल्या. डॉक्टर बारा मैलांवर. साहेबाची जीप बंगल्याच्या दारात उभी होती, पण दिली नाही मेल्यानं. ती गेली, बाळही गेलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाया मळ्यात जाऊन उभ्या राहिलो आणि एका पानाला हात लावला नाही. अकरा दिवस. पावसाळ्यात पान आठवडाभरात खुडलं नाही तर जून होतं, चहाच्या कामाचं राहत नाही. साहेबापेक्षा आम्हालाच ते जास्त ठाऊक. बाराव्या दिवशी त्यानं दवाखाना कबूल केला.

"आजी, नाव आणि सही दिलीत तरच हे घेता येईल," सुमेधा म्हणाली. "नाहीतर आमचे प्रोफेसर हे चॅप्टरच काढून टाकतील."

"आई, नाव नको," सुभाष मध्येच बोलला. "लोक वाचतील. मी काय तोंड दाखवू इथं?"

मला रागही आला आणि रडूही. चूक माझीच. मळा सोडून नागपूरला आल्यावर त्याचं नावच काढलं नाही मी. पोराला लाज वाटू नये म्हणून गप्प बसले, आणि गप्प बसूनच त्याला लाज शिकवली.

"सुभाष, तुझा जन्म कुठला?"

"कंपनीच्या हॉस्पिटलमधला."

"हाच तो दवाखाना. तू पोटात आडवा होतास. दोन दिवस अडले होते मी. डॉक्टर नसता तर आपलंही तेच झालं असतं. आता नाव दिलं नाही, तर त्या साहेबाच्याच दयेवर जन्मलास असं होईल. मला ते चालायचं नाही."

सुमेधानं सहीचा फॉर्म काढला. फॉर्म इंग्रजीत होता. मी तो सुभाषपुढं सरकवला. "भर. नाव पूर्ण लिही. काम लिही, पानं खुडणं."

त्यानं लिहिलं. मी खाली मराठीत सही केली, गिरजाबाई. सुमेधानं हात पुढं केला, तरी सुभाष फॉर्म सोडेना.

"आई, फुलमतीसाठी यात जागाच नाहीये. कुठं लिहू?"

"माझ्या नावाच्या वर," मी म्हटलं.