शतावरीचा तिसरा वसंत

शनिवारी शेजारच्या कॉलेजकडून आम्ही हरलो आणि रविवारी चर्चला निघालो, तर आमच्या अंगणातल्या हिरवळीवर लोकांनी रातोरात ‘घर विकणे आहे’ अशा पाट्या रोवलेल्या. फुटबॉल कोचच्या बायकोला त्याचं नवल वाटत नाही. हरलं की गाव असंच बोलतं.

डेल्बर्टने, माझ्या नवऱ्याने, टोपी मागे सारली. “तीनच? ओहायोत अख्खं अंगण भरलं होतं. या गावाला खेळाची आवडच नाही, नाओमी.”

“गाडीत बस. पास्टर थांबलाय, तुझ्यासाठी देवाला साकडं घालायला.”

दुपारी कॉलेजचे अध्यक्ष स्वतः आले. कॉफी नको म्हणाले, हातातली हॅट फिरवत राहिले. मी समजले, नोकरी गेली. आयोवातलं हे गाव आमचं सहावं. प्रत्येक गावात कुणीतरी अशी हॅट फिरवली होती.

मला एकच हवं होतं. प्रत्येक घरामागे मी शतावरी लावली, कोवळ्या कोंबांची भाजी होते ती. पहिली दोन वर्षं तिचे कोंब खुडायचे नसतात. तिसऱ्या वसंतात खायचे. तो वसंत आमच्या वाट्याला कधी आलाच नाही. माझे कोंब नवीन कोचच्या बायका खात आल्या. इथे मात्र फक्त हिवाळा आड होता.

सोमवारी फोन वाजला, डेल्बर्टने उचलला. डेल्बर्टच्या हाताखाली खेळलेला एर्ल आता टेक्ससमध्ये मुख्य कोच होता. बटाटे सोलता सोलता माझी सुरी थांबली.

“बोल रे एर्ल... तुझा मदतनीस? जानेवारीपासून?”

डेल्बर्टची पाठ ताठ झाली. ती पाठ मी ओळखत होते. तळघरातले कुठले खोके अजून धड आहेत, ते मी मनात आठवू लागले.

तेवढ्यात त्याने रिसीव्हरवर हात ठेवला. “तुझी ती शतावरी कधी येते गं?”

आजवर त्याने तिच्याबद्दल कधी काही विचारलं नव्हतं.

“एप्रिलअखेर.”

त्याने रिसीव्हरवरचा हात काढला. मग म्हणाला, “एर्ल, मेनंतर चालेल? ... नाही ना. मग दुसरा बघ, पोरा. ... छे, आजारीबिजारी नाही.”

बाहेर जाऊन त्याने पाट्या उपटल्या. शतावरीच्या वाफ्यावर पेंढा पसरला आणि तो उडू नये म्हणून पाट्या वर आडव्या टाकल्या. परत येऊन चिखलाच्या बुटांसकट खुर्चीत बसला.

“आता शनिवारी मी काय करायचं?”

मी बटाटे उकळायला ठेवले.