सायकलच्या खोक्यातलं इडलीपात्र

"मालवणात सायकल भाड्याने मिळते की," देवव्रतदादा म्हणाला. "दप्तर धड भरता येत नाही, आणि म्हणे सायकल खोलणार!"

पण मला भाड्याची नको होती. माझी हवी होती, निळी. हिच्यावरून मी बोरिवलीहून नॅशनल पार्क, गोराई, सगळं करून आलेय. आता दिवाळीच्या सुट्टीत आमचा सायकल ग्रुप मालवणहून वेंगुर्ल्याला जाणार होता आणि ग्रुपच्या क्षमाताईचा नियम एकच: ज्याची सायकल त्याने खोलायची, त्यानेच जोडायची. निघायच्या वेळी जिची सायकल उभी नसेल, ती सामानाच्या टेम्पोत बसणार.

टेम्पोत! फणसांसारखी! शक्यच नाही.

सायकलच्या दुकानातून मोठं खोकं आणलं. हॉलमध्ये जुनी चादर पसरली. दादाला राहवेना, म्हणून तो डाव्या पेडलशी झटायला लागला. "जाम झालंय हे."

"डावं पेडल उलट्या बाजूने सुटतं रे," मी म्हटलं आणि सोडून दाखवलं. त्याचं तोंड बघायला हवं होतं. झकास!

चाकं काढली. पुढच्या चाकावर ब्रेकची पातळ गोल चकती असते, ती जरा जरी वाकली तरी ब्रेकला घासते. म्हणून तिच्यावर जाड पुठ्ठा बांधला. खोक्याला चिकटपट्टी मारली आणि आंघोळीला गेले.

रात्री बसवाल्या काकांनी खोक्याकडे बघून विचारलं, "फ्रिज हाय काय?"

"सायकल आहे. उभीच ठेवा हां, आणि वर काही टाकू नका."

"बस तुझ्या नावावर केली का गं?" असं म्हणाले, पण ठेवली उभीच.

सकाळी मालवणला उतरले तर स्टँडवर तिथेच राहणारी माझी विमलाकाकू हजर. मला जवळ घेतलं, गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "माझा इडलीपात्र खय आसा?"

"कसलं इडलीपात्र?"

"जानकीन सांगल्यान, तुझ्या खोक्यात घातलंय म्हणान."

जानकी म्हणजे आमची आई. गावाला कोणी निघालं आणि सामानात वीतभर जागा रिकामी दिसली, की तिला ते अन्नाची नासाडी केल्यासारखं वाटतं.

स्टँडबाहेरच खोकं उघडलं. आत इडलीपात्र, फरसाणाच्या पिशव्या, मालवणच्या काकांसाठी लुंगी. आणि माझा पुठ्ठा गायब! इडलीपात्र बरोबर चकतीवर टेकून आलेलं. चाक बसवून फिरवलं तर किर्रर्र, आणि थांबलं.

मी आईला फोन लावला. "आई, तो पुठ्ठा कुठेय?"

"तो कचरा होय? टाकला. का गं, इडलीपात्राला पोचा आलाय का?"

वाट लागली होती माझी, आणि हिला पोच्याची पडलीय!

स्टँडबाहेर जमलेल्या ग्रुपमधल्या बाकीच्यांच्या सायकली एकेक करून उभ्या राहत होत्या. क्षमाताई जवळ आली, वाकून बघितलं. मला वाटलं, आता पाना हातात घेईल. तिने तो माझ्याच हातात दिला. "हळू वाकव. जास्त वाकवलंस तर गेली." आणि सरळ चहाला निघून गेली.

टेम्पोवाला मागचं दार उघडून उभाच होता.

"मी धरतंय गे," काकू पुढे सरसावली. पहाटेपासून वडे तळून आलेली ती!

"काकू, हात नको लावूस! तेल लागलं तर ब्रेकच लागणार नाही!"

"अगो बाय! सासूपेक्षा कडक आसा ह्या चेडू," काकू म्हणाली आणि हात पदराआड घेऊन बसली.

मी चाक हळूहळू फिरवलं. जिथे घासलं तिथे खूण केली. पान्यात चकती धरली, अगदी किंचित ओढली. फिरवलं. किर्र. पुन्हा किंचित. आता फक्त एकाच ठिकाणी कुजबुजल्यासारखं. घाई केली नाही. मी! जी मॅगीलासुद्धा दोन मिनिटं थांबत नाही! शेवटचं एकदा ओढलं आणि चाकाला टिचकी मारली.

चाक फिरत राहिलं. आवाजच नाही.

ब्रेक दाबला. थांबलं. सोडला. पुन्हा फिरलं.

"ताईऽऽ!" मी एवढ्यांदा ओरडले की रिक्षावाले वळून बघायला लागले.

क्षमाताईने सायकल उचलून आपटून बघितली, ब्रेक दाबून पुढे ढकलून बघितली. "चल, रांगेत ये," म्हणाली. तिच्याकडून एवढं म्हणजे खूप झालं.

टेम्पोवाल्याने दार लावलं. आत फक्त बॅगा.

मी पेडल मारलं तेव्हा काकू इडलीपात्र छातीशी धरून अख्ख्या स्टँडला सांगत होती, "आमच्या चेडवान जोडल्यान ती! सगळी सुटी करून आणलेली मुंबयसून!" मग मला हाक मारली, "परतताना घराकडे ये गे! खोक्यात चार नारळ घालतंय!"

"नारळ नाही!" मी मागे न बघता ओरडले. "कोकमं दे! आणि खोकं मी भरणार!"